उठवू नकोस तिला

११ जानेवारी

बेबी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर. कागद वाजत तरी नाही. वाटलं तर वाच, नाहीतर वसतिगृहाच्या त्या तुझ्या टेबलावर पडू दे.

साठी ओलांडलेल्या बाईला, तेही शंभर मुलींच्या रेक्टरला, बेबी म्हणताना माझं मलाच हसू येतं. पण दुसरं काही तोंडात बसत नाही. आईसुद्धा अजून म्हणतात, "आमची बेबी लहान आहे, तिला राग लवकर येतो."

तर आईंची खुशाली आधी. जेवण ठीक आहे. डोळ्यांना धूसर दिसतं, कान मात्र शाबूत आहेत, नको तेवढं नेमकं ऐकू येतं. पाय लटपटतात, वॉकर घेऊन चालतात. दिवसा काही कुरकुर नाही. रात्र झाली की सुरू होतं. बाथरूमला जायचं, पाणी हवं, पांघरूण सरकलं, कोणीतरी दार वाजवलं. "अगं ए" म्हणून हाक मारतात आणि मी उठते. त्यांचा डोळा लागतो तोवर माझी झोप उडालेली असते. मला लागते तोवर पुन्हा "अगं ए".

तक्रार करत नाही गं. तू त्यांना न्यायला आली होतीस, आणि त्या "मी हिच्याकडेच बरी" म्हणाल्या. ते मी शिकवलेलं नव्हतं. मी तेव्हा मागे कपडे वाळत घालत होते. बाहेर आले तर तुझ्या चपला दारात नव्हत्या. इतकंच मला माहीत. तुझ्या दादाला जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता, आणि त्या घरात आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो.

लिहायचं कारण असं की परवा गॅसपुढे उभ्या-उभ्या मला झोप लागली. खरंच. कोपर तव्याला टेकलं तेव्हा जाग आली. डॉक्टरीण आपली नेहमीची, तरुण आहे ती, मलम लावताना म्हणाली, "रात्री झोप कशी आहे?"

मी म्हटलं, "तुकड्या-तुकड्यांची."

"झोपेची गोळी देऊ शकते, पण या वयात..."

"गोळी नकोच. गोळी घेऊन मी पडले तर आमच्या आईंची हाक कोण ऐकणार?"

ती म्हणाली, "मग व्यायाम करा."

मला हसूच आलं. दिवसभर मी दुसरं काय करते? ती म्हणाली, "ती धावपळ झाली काकू. व्यायाम वेगळा. दमणं वेगळं आणि थकणं वेगळं." तरुण माणसं असं काहीतरी बोलतात, आणि आपण मान डोलावतो.

बरं, कोपर भरून येतंय. काळजी करू नकोस. म्हणजे करत असलीस तर.

तुझी,
वहिनी


६ फेब्रुवारी

बेबी,

तुझं उत्तर नाही. नसू दे.

मी व्यायामाला जाते. हसलीस ना? आईसुद्धा हसल्या. "उठाबशा काढायला घराबाहेर जायचं? आमच्या मास्तरांनी घरपोच दिल्या असत्या."

वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये वर्ग भरतो, संध्याकाळचा, सगळ्या आमच्याच वयाच्या. शिकवणारी बाई शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. आम्ही तिला शिट्टीबाई म्हणतो, तोंडावरसुद्धा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि धप्पकन न पडता सावकाश बसायचं, हा पहिला धडा. मला वाटलं, यात काय मोठंसं. चौथ्या वेळी मांड्या अशा थरथरायला लागल्या की विचारू नकोस. मग वाळू भरलेल्या बाटल्या उचलायच्या, भिंतीला हात लावून ढकलायचं, टाचा वर करायच्या. माझ्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेली एक आहे, ती बाटली अशी संशयानं उचलते की जणू कोणीतरी खोटी सही करून आणलीय. शिट्टीबाई ओरडते, "श्वास रोखू नका! मेल्यावर भरपूर रोखायचाय!"

मी जाते तेवढा वेळ खालची शिंपीणबाई आईंजवळ येऊन बसते. हातातलं शिवणकाम घेऊन येते, आणि आई तिच्या टाक्यांत चुका काढतात. दोघी खूश असतात.

मला आधी वाईट वाटायचं. आईंना सोडून मी तिथे हात-पाय हलवत उभी आहे, हे कोणाला सांगायचं? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी कानावर केली मी. खुर्ची सोडायची नाही, दिवा लागला की कॉल घ्यायचाच. ते अंगात मुरलंय. हॉलमध्येसुद्धा माझा कान दाराकडे असतो.

झोपेत काही फरक नाही अजून. शिट्टीबाई म्हणते, शरीराला वेळ द्या, ते काही तुमचा नोकर नाही.

वहिनी


३ मार्च

बेबी,

आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी झोपले!

सलग. अख्खी रात्र. जाग आली तेव्हा पडद्यातून ऊन आत आलेलं, आणि दूधवाला पिशवी कडीला अडकवून कधीचा गेलेला. क्षणभर इतकं छान वाटलं, लहानपणी सुट्टीच्या दिवशी वाटायचं तसं. आणि दुसऱ्या क्षणी आठवलं. आई!

धावले. त्या पलंगावर बसून केस विंचरत होत्या.

"मेले नाहीये," म्हणाल्या. "तू घोरत होतीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं."

"तुम्ही हाक का नाही मारलीत?"

"लागलीच नाही गरज. मी माझी जाऊन आले."

"एकट्या?"

"मग काय, वरात काढायची होती?"

बेबी, मी त्यांच्यावर चिडले. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला असेल. पडलात तर काय, तुमचं वय काय, असलं सगळं बोलले. त्या शांतपणे विंचरत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझी ती शिट्टीवाली म्हणते ना, पाय चालवा? चालवले."

कारण झालंय असं की शिंपीणबाईनं त्यांना एकदा उत्साहानं सांगितलं, मी वर्गात काय-काय करते ते. तेव्हापासून मी बाहेर गेले की या बाईसाहेब आपल्या बंद पडलेल्या लाँड्रीच्या जुन्या टेबलाला धरून उभ्या राहतात आणि टाचा वर-खाली करतात. ते टेबल आठवतं ना? पुढच्या खोलीतलं, त्यावर जळल्याचे त्रिकोणी डाग आहेत. मला म्हणाल्या, "या टेबलापुढे उभी राहून मी दुनियेच्या शर्टांना इस्त्री केलीय. मला कोण उभं राहायला शिकवणार?" पण सांगते तुला, मी गुपचूप पाहिलं, त्यांची मान ताठ होती. दुपारची डुलकी कमी झालीय, रात्री हाकाही कमी झाल्यात. त्याही झोपतात थोड्या.

शिट्टीबाईला विचारलं तर ती म्हणाली, "चांगलंच आहे, फक्त कोणीतरी जवळ हवं." मी आईंकडून वचन घेतलं की रात्री उठायचं तर हाक मारायची. दोनदा विचारलं. "मारीन" म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाल्या, "लिहून देऊ का?"

तुला सांगावंसं वाटलं. हे सुख दुसऱ्या कोणाला कळेल? भूक लागली की सांगता येतं. झोप नसते तेव्हा माणूस फक्त चिडका होत जातो आणि लोकांना वाटतं स्वभावच तसा. त्या दिवशी तू आली होतीस तेव्हाही मी धड झोपलेली नव्हते. तुला चहासुद्धा विचारला नाही.

तुझी,
वहिनी


२२ मार्च

बेबी,

आई जरा पडल्या. काळजी करण्यासारखं नाही. डॉक्टर बघत आहेत. सविस्तर नंतर लिहिते.

फोन उचललास तर बरं होईल.

वहिनी


२७ मार्च

बेबी,

मागच्या पत्रात "जरा" लिहिलं. जरा नव्हतं ते.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई टाकलीय. हे मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय, मांडीवर पिशवी ठेवून, म्हणून अक्षर असं आहे.

तू शिंपीणबाईला फोन केलास हे मला कळलं. माझा फोन घेतला नाहीस, पण तिला केलास, चालेल. कळावं तुला, हेच महत्त्वाचं. तू तिला विचारलंस, "वहिनी काय करत होती?" ती साधी बाई, खोटं येत नाही तिला. म्हणाली, "झोपल्या होत्या." मग तू फोन ठेवलास, असं तिनं सांगितलं. मला सांगताना रडली. तिला वाटतं तिनं चुगली केली. मी म्हटलं, अगं, खरं तेच तर सांगितलंस.

हो, झोपले होते. आदल्या संध्याकाळी वर्गाला जाऊन आले होते. शिट्टीबाईनं जिने चढायला लावले होते. अंग कसं छान जड झालं होतं. आईंना झोपवलं, पांघरूण घातलं आणि आडवी झाले.

उजाडता-उजाडता उठले. त्यांच्या पलंगावर कोणी नाही. वॉकर भिंतीशी, जिथे ठेवला होता तिथेच. आई मधल्या पॅसेजमध्ये पडल्या होत्या, एका कुशीवर, एक पाय भलतीकडे वळलेला. डोळे उघडे होते. ओल्या झाल्या होत्या. किती वेळ तशा पडून होत्या, देव जाणे. मला पाहून काय म्हणाल्या असतील?

"उठलीस? थोडी पड अजून, लवकर आहे."

मी तशीच जमिनीवर बसले, त्यांच्याजवळ.

इथे आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कशा पडल्या, कोणी नव्हतं का. मी तोंड उघडायच्या आत आईच बोलल्या. "मी हाक मारलीच नाही. ही गाढ झोपली होती. बऱ्याच दिवसांनी झोपतेय बिचारी. म्हटलं, दोन पावलं तर आहेत." डॉक्टरनं लिहून घेतलं. खालमानेनं, जसं सगळं लिहितात तसं.

बेबी, आपल्या आईंनी आयुष्यात मला "बिचारी" म्हटलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात "उंच आहे पण कामाला हळू" म्हणाल्या होत्या, ते अजून लक्षात आहे. आणि आता ही माया, आणि ती अशी.

पुढचं तुला सांगू की नको, कळत नाही. सांगते. त्या म्हणतात, हाक मारली नाही. मला आठवतं की झोपेत मला काहीतरी ऐकू आलं होतं. दुरून. स्वप्नात मी एक्स्चेंजच्या खुर्चीत होते आणि एका लाइनवर कोणीतरी बोलत होतं, आणि मी म्हणत होते, थांबा, जोडून देते. तो आईंचा आवाज होता की नुसतंच स्वप्न, मला कळत नाही. मी त्यांना विचारलं, "आई, खरं सांगा, हाक मारली होतीत?"

"नाही म्हटलं ना."

"शपथ?"

"डोकं खाऊ नकोस. पाणी दे."

यापलीकडे मला काहीच समजलेलं नाही.

वहिनी


१९ एप्रिल

बेबी,

घरी आणलंय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन उत्तम झालं. हाडाचं त्यांचं काम उत्तम झालंच असेल. पण आई उभ्याच राहत नाहीत.

रोज सकाळी एक मुलगी येते व्यायाम करून घ्यायला. "आजी, उभं राहायचं बरं का आज." आई तिच्याकडे बघतच नाहीत. आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी धरतो, त्या एखाद्या ओल्या चादरीसारख्या खाली-खाली जातात. मुलगी मला बाजूला घेऊन म्हणते, "काकू, झोपून राहिल्या तर छातीत कफ होईल, पाठीला जखमा होतील. त्यांना मनवा." कसं मनवू? मी ओरडून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, रडून पाहिलं. एकदा म्हटलं, "बेबी येणार आहे, तिला उभं राहून दाखवायचंय ना?" तेव्हा जरा पाय टेकवले. मग म्हणाल्या, "खोटं बोलतेस." आणि बसल्या.

परवा स्वतःहून बोलल्या. "दुखतं म्हणून नाही गं. त्या पायावर आता माझा विश्वास नाही." बस्स. ज्या बाईनं आयुष्य उभ्यानं काढलं, ती असं म्हणाली की पुढे काय बोलायचं?

शिट्टीबाई येऊन गेली. शिट्टी नव्हती गळ्यात. पलंगाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "तुम्हाला इतकं चांगलं झोपायला मीच शिकवलं." मी म्हटलं, असं काय बोलता. पण मी तिला नाही असंही म्हणू शकले नाही. ती बाहेर पडताना जिन्याचा कठडा धरून उतरत होती. मला दिसलं, ती पण म्हातारी आहे.

वर्ग सुटला. वेळ नाही हे खरं, पण वेळ मिळाला तरी पाय तिकडे वळणार नाहीत. झोपही सुटली. रात्रीची एक बाई ठेवली होती, ती चार दिवसांत गेली. म्हणाली, आजी काही मागतच नाहीत, मी बसून काय करू? तेच तर आहे. आई आता काहीच मागत नाहीत. "अगं ए" नाही. कण्हणंसुद्धा गिळतात. मी त्यांच्या खोलीतच पडते, आणि मला कळतं की त्या जाग्या आहेत, श्वासावरून कळतं. त्यांनाही कळत असणार मी जागी आहे. मी झोपेचं सोंग घेते, म्हणजे त्यांना वाटावं मी झोपले आणि मग त्यांनी निवांत झोपावं. त्या झोपेचं सोंग घेतात, म्हणजे मी झोपावं म्हणून. दोघींची सोंगं सकाळपर्यंत टिकतात. उठल्यावर मी विचारते, "झोप झाली का?" त्या म्हणतात, "मस्त. तुझी?" "माझीही."

कधी-कधी वाटतं, पूर्वीसारखं रात्रभर हाका मारून माझा जीव खाल्ला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरीण येऊन माझं ब्लडप्रेशर बघून गेली. गोळी वाढवली. "तुम्ही आडव्या झालात तर यांचं कोण करणार?" म्हणाली. मीही तोच विचार करतेय.

बेबी, तू ये. भांडायला ये हवं तर. मी तुझ्या जागी असते तर मीही भांडले असते. तू त्यांना मागितलं होतंस, आणि त्या माझ्याकडे राहिल्या, आणि मी झोपले. हे तू मला तोंडावर म्हण. पण ये.

वहिनी


२ जून

बेबी,

तू गेल्यावर घर आवरायला घेतलं आणि तसंच टाकलं. पलंग अजून तिथेच आहे.

जाताना तू दारात उभी राहून मला विचारलंस, "मला का उठवलं नाहीस?" मी काहीच बोलले नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तुझी बॅग जिन्यात होती, आणि ते असं उभ्या-उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. तू समजलीस की माझ्याकडे उत्तर नाही. किंवा मी सूड घेतला. तुझ्या चेहऱ्यावर ते दिसलं मला.

म्हणून सगळं लिहिते, जसं झालं तसं.

तू आलीस तेव्हा आईंच्या छातीत कफ भरलेला होता. डॉक्टरीण म्हणाली होती, हॉस्पिटलमध्ये न्यायचं तर न्या, पण नळ्या लावतील, सुया टोचतील, फार काही बदलणार नाही. तू आणि मी स्वयंपाकघरात उभ्या होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू मला विचारलंस, "वहिनी, काय करायचं गं?" आईंनीच सांगितलं, घरी बरं आहे.

मग तू ठरवलंस की रात्री तू बसणार. मला म्हणालीस, "तू झोप. आता मी आहे." त्या बोलण्यात जे होतं ते मला कळलं, आणि मी माझं अंथरूण बाहेर नेलं, कारण माझा हक्कच नव्हता. तू बसलीस. पहिली रात्र, दुसरी रात्र. पापणी पडू दिली नाहीस. मी बाहेरच्या खोलीत पडून होते. झोप मलाही नव्हतीच. तू चमच्यानं पाणी पाजत होतीस, कूस बदलत होतीस, लहानपणचं काहीबाही बोलत होतीस. लाँड्रीत चिठ्ठ्यांची अदलाबदल करून तू वकिलाचा कोट मास्तरांकडे पाठवला होतास, ते सांगितलंस तेव्हा आई हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. ते मी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी औषधं आणायला गेले होते. परत आले तर तू खुर्चीत बसल्या-बसल्या पुढे झुकून, पलंगाच्या कडेवर डोकं टेकून झोपली होतीस. तोंड किंचित उघडं. चष्मा कपाळावर सरकलेला.

आई जाग्या होत्या. श्वास फार भरभर चालला होता. ओठांचा रंग मला बरा वाटला नाही. मी पिशवी खाली ठेवली आणि तुझ्या खांद्याला हात लावायला वाकले.

आईंनी माझं मनगट धरलं. त्या हातात इतका जोर कुठून आला, कळलं नाही.

"उठवू नकोस तिला."

"आई, तुम्हाला त्रास होतोय."

"होऊ दे. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. दोन रात्री जागी आहे पोर."

"मी डॉक्टरांना फोन करते."

"कर. पण हळू बोल."

मी स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजत फोन केला. डॉक्टरीण म्हणाली, दवाखान्यातली माणसं आटपून निघते. परत आले. आईंचा हात तुझ्या केसांकडे गेला होता. पुरत नव्हता, नुसती बोटं तुझ्या वेणीच्या टोकाला लागली होती. ते टोक धरून त्या पडल्या होत्या. मी पुन्हा तुझ्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. नाही.

मी काय करायचं होतं, बेबी? तुला हलवलं असतं तर तू जागी झाली असतीस, एवढंच ना? पण त्यांनी आयुष्यात माझ्याकडून काम करून घेतलं, मागितलं कधी काही नव्हतं. हे मागितलं. आणि मला वाटलं, वेळ आहे. डॉक्टरीण येतेय, संध्याकाळ व्हायचीय, तुझी थोडी झोप झाली तर तुलाही बरं.

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसले. खिडकीतून कोणाच्या तरी घरातला मिक्सर ऐकू येत होता. हळूहळू आईंचा श्वास संथ झाला. मोठा घ्यायच्या, थांबायच्या, पुन्हा घ्यायच्या. चेहऱ्यावरचा ताण गेला. आणि मला बरं वाटलं. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं. मनात आलं, झोपल्या. इतक्या दिवसांनी खऱ्या झोपल्या, सोंग नाही. आता कोणीही आवाज करू नये. मी उठून हळूच पडदासुद्धा ओढला.

किती वेळ तशी बसले होते, सांगता येणार नाही. माझीही मान पलंगाला टेकली असेल. मग दारावरची बेल वाजली. त्या बेलनं तू जागी झालीस.

पुढचं तुला माहीत आहे.

तू म्हणालीस, "मी झोपले कशी?" पुन्हा-पुन्हा तेच म्हणत होतीस, डॉक्टरीण तपासत होती तरी. मला तुझ्याजवळ यायचं होतं. पण मला माहीत होतं तू मला हात लावू देणार नाहीस, आणि खरं सांगायचं तर, मला भीती वाटली की तू "तू नाही का झोपलीस?" असं म्हणशील.

मी त्यांना हॉस्पिटलमध्ये विचारलं होतं, हाक मारली होती का. त्या नाही म्हणाल्या. त्या दुपारी तुझ्या वेणीशी त्यांची बोटं पाहिली तेव्हा मला वाटलं, खरंच मारली नसणार. मग रात्री वाटतं, मारली असेल, आणि मी नाही ऐकली हे बघून दुसऱ्यांदा मारली नसेल. दोन्ही त्यांना शोभतं.

तुझ्या वसतिगृहात कोणाला सांगितलंस का हे सगळं? तू काही सांगणार नाहीस, मला माहीत आहे. मुलींना वाटत असेल, बाई सुट्टीवरून आल्यापासून जास्तच खेकसतात. काही खायचं-प्यायचं बघत जा. शिट्टीबाईनं निरोप पाठवला होता, वर्गाला या म्हणून. नाही गेले. काल शिंपीणबाई मला हाताला धरून खाली घेऊन गेली, तिच्या दुकानात बसवलं, मशीनच्या आवाजात. तिथे बसल्या-बसल्या माझा डोळा लागला, आणि मी दचकून उठले आणि म्हटलं, "आले, आले." तिनं मशीन थांबवलं.

मी तुला उठवायला हवं होतं का, हे मला अजून कळत नाही. तुला कळलं तर मला सांग. रागानं सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
वहिनी